आजीच्या मापाचा उजेड

आजी स्टुडिओत झाडू मारायची. नटीच्या मिनिटामिनिटाला पैसे पडायचे, म्हणून चित्रीकरणाआधी दिवेवाला आजीलाच नटीच्या खुर्चीत बसवून आजीच्या मापाने दिवे लावून घ्यायचा. झाडू मांडीवर ठेवून आजी डोळे मिटायची आणि तो कोवळा उजेड गालांवर लोण्यासारखा विरघळायचा. नातीने शाळेत फुशारकी मारली, “माझी आजी टीव्हीवर असते!” झालं, मैत्रिणींची फौज घरी येऊन आजीसोबत टीव्हीसमोर बसली. खुर्चीत नटीच दिसली. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. “आजी, तू कुठे आहेस गं?” नात रडवेली झाली. आजीचं लक्षच नव्हतं. नटी उंच, तिचं कपाळ सावलीत राहिलं होतं. “बाई गं, जरा खाली सरक,” आजी पडद्याला म्हणाली. मुलाखत देता देता नटी खरंच खुर्चीत सैलावली, खाली सरकली आणि तिचा चेहरा उजळला. आजीने अलगद डोळे मिटले. “आता बसली बघ माझ्या जागेवर.”