तहान सांगणारी बाटली

शटर उघडायला अजून वेळ होता आणि रांग औषधांच्या दुकानाला वळसा घालून पार मागच्या गल्लीत गेली होती. समोरच्या फुटपाथवर उभ्या जाहिरातवाल्याला हसू आवरेना. पुढची वीसेक माणसं त्यानेच भाड्याने आणली होती. त्यांच्यामागे लागलेली ही झुंबड मात्र अस्सल होती.

वस्तू तरी काय? पाणी प्यायची बाटली. तहान लागली की निळा दिवा लावून मोबाइलवर कळवणारी. वर ती रोज चार्ज करायची! स्वतःचा घसा कोरडा पडलेला ज्यांना कळत नाही, त्यांची कीव करावी की त्यांचे खिसे कापावेत, असा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. ‘तुम्हाला तहान लागलीय, हे तुम्हाला कोण सांगणार?’ एवढी एकच ओळ त्याने शहरभर झळकवली होती. तिच्या भरवशावर त्याने नोकरीला लाथ मारली होती. आता पगार नाही, विक्रीत वाटा. बाटली खपली नाही तर तो रस्त्यावर.

बायकोचा फोन आला.

“जमली का रे माणसं?”

“जमली? अगं, मेंढरं नुसती! तू म्हणत होतीस ना, कुत्रंसुद्धा विचारणार नाही?”

“म्हटलं होतं खरं. बरं झालं बाई. काही खाल्लंस का?”

शटर वर गेलं. दुकानदार दारात येऊन “या, या!” म्हणाला. कोणी जागचं हललं नाही. सगळे घड्याळाकडे पाहत होते.

आपल्या भाडोत्री माणसांना ओलांडून तो मागच्या एका बाईंपाशी गेला. “अहो, चला ना आत!”

“आत जायचं ठरलं नव्हतं,” त्या कुजबुजल्या. “दुकानदारांनी नुसतं उभं राहायला सांगितलंय. आणि हे मागचे सगळे बाटलीच्या कंपनीने आणलेले.”

तो धावतच गल्लीत शिरला. रांगेच्या शेवटी चार-पाच म्हातारे भिंतीला टेकून गप्पा हाणत होते. हे काही भाड्याचे दिसत नव्हते.

“काका, तुम्ही तरी बाटली घ्यायलाच आलात ना?”

“छे हो! आमच्याबरोबर बागेत फिरायला एक बाई येतात, त्यांच्या नवऱ्याची जाहिरात आहे म्हणे. म्हणाल्या, घेऊ नका काही, पण थोडा वेळ उभे राहा. रांग दिसली नाही तर बिचाऱ्याचं तोंड एवढंसं होईल.”