जत्रेच्या चित्रातला गोमार

मायकेनने पाच वर्षांच्या पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि चित्रांच्या दुकानापुढच्या गर्दीत कोपर घुसवलं. लोण्याची टोपली केव्हाच रिकामी झाली होती. पण आज ती अँटवर्पला लोणी विकायला आलीच नव्हती म्हणा ना. तिला नवऱ्याचा चेहरा बघायचा होता.

सहा वर्षांपूर्वी जत्रेला गावात एक चित्रकार आला होता. दोन दिवस त्याने फुकटची बिअर ढोसली आणि अख्खा गाव कागदावर उतरवून नेला. पुढच्याच महिन्यात स्पॅनिश शिपायांनी तिच्या नवऱ्याला, गोमारला, गाडी हाकायला म्हणून नेलं. तो गेला तो गेलाच. ही पोर, ट्राइन, तेव्हा पोटात होती. आणि अलीकडे मेलं असं झालं होतं, की डोळे मिटले तर गोमारचा खोकला आठवे, भेगाळलेल्या टाचा आठवत, पण चेहरा काही केल्या आठवेना. हे सांगायचं तरी कुणाला? तेवढ्यात पाववाली बेट बाजारातून बातमी घेऊन आली. त्या जत्रेचं रंगीत चित्र विकायला लागलंय, आपण सगळे आहोत त्यात.

खरंच सगळे होते. बेट होती, लंगडा पिटर नाचत होता, पाद्रीबुवा डुकरामागे धावत होते. एकेकाचं तोंड हुबेहूब.

"आये, बा कुठंय?"

मायकेनची नजर भिरभिरली आणि डावीकडच्या कोपऱ्यात अडकली. भिंतीपाशी एक गडी पाय फाकवून उभा होता. विजारीला मागे निळं ठिगळ. तिनेच घाईत लावलेलं, वाकडं. तोंड भिंतीकडे. भिंतीवर धार.

लोक नेमके त्यालाच हसत होते. "बघा, कसा निवांत मुततोय," कुणीतरी म्हणालं. मायकेनला भडभडून आलं. पहाटेपासून तंगड्या तोडत आली, आणि मेल्याने पाठ दाखवली.

दुकानदाराला वाटलं, बाई लाजली. माणूस भला होता. "गिऱ्हाइकं पण नाकं मुरडतात," तो हळूच म्हणाला. "उद्या त्याच्यावर एक झुडूप काढून घेतो. दिसायचाच नाही."

"हात लावू नका त्याला. नवरा आहे माझा."

ट्राइनने आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"पण बा दिसायला कसाय?"

मायकेनने डोक्याच्या फडक्याने नाक पुसलं आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"थांब गं जराशी. त्याचं व्हायचंय अजून. झालं की वळेल."