डोंगर पेटतो तेव्हा

"गाडी जरा मागे लावायची होतीस," एलीसेओ म्हणाला. "फोटोच्या कोपऱ्यात येतेय."

"आली तर आली. डोंगर काय पळून जातोय?" डेल्फिनाने डोक्यावरची पिवळी गवती हॅट एका हाताने घट्ट धरली होती. वारा सुटला होता.

"डोंगर नाही पळत. उजेड पळतो."

त्यांच्या घरामागेच वाळवंट सुरू व्हायचं. गाडीवाट संपायची तिथून करवतीसारखा तो डोंगर समोर दिसायचा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटून यायचे. त्यातल्या क्वचित एखाद्या संध्याकाळी मावळता सूर्य ढगांखालून डोकावायचा, मागे काळंभोर आभाळ असायचं आणि डोंगर निखाऱ्यासारखा पेटायचा. मिनिटभर, फार तर दोन. तांब्याच्या खाणीत डंपर चालवताना एलीसेओने ते कितीदा तरी पाहिलं होतं, पण तेव्हा हातात कॅमेरा नव्हता. आता कॅमेरा होता, तर किडन्या राहिल्या नव्हत्या.

दिवसाआड डेल्फिना त्याला शहरातल्या दवाखान्यात न्यायची. तिथे खुर्चीत बसवून मशीनला जोडायचे. परतताना त्याच्या पायांत गोळे यायचे, कधी गाडीतच उलटी व्हायची. ईस्टरच्या जेवणाला त्याने बहिणीसमोर, ओतीलियासमोर, सांगून टाकलं होतं.

"त्या खुर्चीत मी बसतोय ते डोंगराच्या एका फोटोसाठी. तो मिळाला की मशीन बंद. मग मला कुणी अडवायचं नाही."

ओतीलियाने रडून घर डोक्यावर घेतलं. डेल्फिना तोर्तिया लाटत राहिली.

आता सूर्य ढगाखाली आला. डोंगराचं टोक लाल झालं. एलीसेओने कॅमेऱ्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग खालचं झाकण उघडून पाहिलं.

"बॅटरी नाही."

"अरे देवा! सकाळी चार्जिंगला मीच लावली होती."

एलीसेओ क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "गाडीत पडली असेल. सीटखाली बघ."

ती धावली.

"नीट बघ," तो मागून ओरडला. "घाई करू नकोस!"

दार उघडून तिने सीटखाली हात घातला. ढग गडगडत होते, गाडीच्या पत्र्यावर वाळू तडतडत होती. गोळ्यांचे कागद निघाले, त्याचे खाणीतले जुने हातमोजे निघाले. ती वर आली तेव्हा डोंगर राखाडी झाला होता. ती वळली आणि वाऱ्याने हॅट उडवली. काटेरी झुडपांवरून कोलांट्या खात ती जी गेली, ती पुन्हा सापडली नाही.

"गेली," एलीसेओ म्हणाला.

"हॅट?"

"सगळंच."

तो चिडला मात्र नव्हता. मशीन मागे लागल्यापासून त्याला उन्हाळ्यातही थंडी वाजायची. खाणीतलं जाड जॅकेट घालून, दोन्ही हात खिशांत खुपसून, एका मुठीत काहीतरी घट्ट धरून तो उभा होता.

"वेंधळी गं माझी म्हातारी."

"मग दुसरी बघायची होतीस."

"दुसरीने दिवसाआड एवढी गाडी हाकली नसती."

त्यानंतरचे दोन्ही उन्हाळे असेच गेले. ढग जमले की ते निघायचे आणि ऐन वेळी काहीतरी घोटाळा व्हायचा. एकदा टायर बसला. एकदा लेन्स स्वयंपाकघरातच राहिली. एकदा तर लहानपणापासूनच्या पायाखालच्या रस्त्यावर डेल्फिना चुकीचं वळण वळली. बॅटरी तर नवी आणली तरी हरवायची. ओतीलिया तिला फाडून खायची. एलीसेओ फक्त म्हणायचा, "राहू दे. पुढच्या ढगाला बघू." आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसायचा.

कॅमेऱ्यातलं तो तिला कधी दाखवत नसे. "तो एक येऊ दे," म्हणायचा. "मग सगळे दाखवतो."

तिसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे तो झोपेतच गेला.

नऊ दिवसांची प्रार्थना संपली, माणसं पांगली. निघताना ओतीलियाने डोळे पुसले.

"बिचाऱ्याला तेवढा एक फोटो काही मिळाला नाही. तुझ्या वेंधळेपणापायी, डेल्फिना. राग नको मानूस."

"खरं आहे," डेल्फिना म्हणाली.

दार लावून ती स्वयंपाकघरात आली. पिठाचा डबा उघडून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बॅटरी बाहेर काढली. मग दुसरी. मग तिसरी. टायरमधली हवाही याच हातांनी सोडली होती.

त्याला ती खुर्ची नको होती. तिला तो हवा होता. दर वेळी उलटीची पिशवी त्याच्या तोंडासमोर धरताना तिला वाटायचं, आज सांगून टाकावं, आज बॅटरी द्यावी. दिली नाही. एवढी एकच गोष्ट त्याने मागितली होती आणि ती न मिळताच तो गेला. तिला स्वतःची किळस आली.

निदान त्याला काय मिळालं होतं ते तरी बघावं, म्हणून तिने पीठ झटकून एक बॅटरी कॅमेऱ्यात बसवली. शेवटच्या फोटोपासून ती मागे मागे जाऊ लागली. राखाडी डोंगर. पुन्हा राखाडी डोंगर. नुसते ढग. अंगणातलं कुत्रं. बटण दाबत दाबत ती पहिल्या उन्हाळ्यापर्यंत पोचली आणि तिचा अंगठा थांबला.

मागे काळंभोर आभाळ होतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत डोंगर लालबुंद पेटला होता. कोपऱ्यात गाडी आली होती, दार सताड उघडं, आणि सीटखाली वाकून, एका हाताने पिवळी गवती हॅट घट्ट धरून, डेल्फिना बॅटरी शोधत होती.