गाव ओलांडून

दैवशालाचं मुंबईत टेप झालेलं पहिलं भाषण आज रेडिओवर लागणार होतं, म्हणून तात्यारावांनी राणीसावरगावातली सगळी गल्ली अंगणात गोळा केली. लेकीचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. विद्यापीठात ती आभाळाच्या वरच्या थरांचं गणित मांडायची, आणि गणित म्हणत होतं, तिथं आपटून परतणारी रेडिओची लहर गाव ओलांडून पलीकडं पडेल. "आबा, इथं ऐकू येनार न्हाई." "पंचांगात मृगाचं वाहन हत्ती व्हतं, थेंब तरी पडला का? गणितं चुकतेत, पोरी." त्यांनी बटण पिरगाळलं. नुसती खरखर. गणित तंतोतंत बरोबर आलं आणि दैवशालाचे डोळे भरले. तात्यारावांनी ट्रान्झिस्टर बंद करून पायरीवर ठेवला. "ह्याच्या मागं बस अन् बोल." ती बोलू लागली. ट्रान्झिस्टरवरची नजर न हलवता शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, "तात्या, आवाज लय साफ यायलाय की!"