खिडकी एक

माउसला कोणाचा हात लागलेला नसताना पडद्यावरचा बाण सरकला. रक्ततपासणीच्या पहिल्या खिडकीवरच्या बाईने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. बाण नोंदणीच्या जुन्या प्रोग्रॅमच्या चिन्हावर जाऊन थांबला. थोड्या वेळाने ते चिन्ह नाहीसे झाले.

"आली का लेक?" शेजारच्या खिडकीवरून आत्याबाईंनी विचारले. त्या कोणाच्या आत्या होत्या ते कोणालाच ठाऊक नव्हते, पण सगळे रुग्णालय त्यांना आत्याबाईच म्हणे.

"आली."

लेक आवारातल्या दुसऱ्या इमारतीत, कॉम्प्युटर विभागात बसली होती आणि तिथूनच हा बाण हलवत होती. रुग्णालयातल्या सगळ्या मशीनवरून जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकायचे काम पहिल्यांदाच तिच्या एकटीकडे आले होते. तिच्या साहेबांना ते सगळीकडे एकदम झालेले हवे होते. तिने आधी एकच मशीन मागून घेतले होते, आणि ते आईचे निवडले होते.

"गोदामात मशीनं धूळ खात पडलीत," आत्याबाई म्हणाल्या. "भर गर्दीत हिला आईच सापडली."

"गोदामातलं मशीन तक्रार करत नाही."

खिडकीबाहेर एक माणूस बाजूने पुढे घुसू पाहत होता. "रांगेत या," बाई मान वर न करता म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडात इतके बसले होते, की घरी न्हाणीघराच्या दाराशीही निघत.

पडद्यावर नवे चिन्ह आले. रांगेतल्या पहिल्या आजोबांचे नाव तिने टाइप केले. ते नीट उमटले. प्रिंटरने लेबल बाहेर टाकले. नळीला चिकटवण्याआधी तिने ते सवयीने वाचले. नंबर बरोबर होता. वय बरोबर होते. नावाच्या जागी ओळीने रिकामे चौकोन होते.

फोन वाजला.

"खिडकी एक का? कॉम्प्युटर विभागातून बोलतेय." लेकीचा आवाज पोकळ येत होता, तिकडे फोन स्पीकरवर होता. मागे कोणी तरी खोकले. "साहेब इथेच आहेत. तुमच्याकडे सगळं नीट चालतंय का? पुढे सगळ्यांना पाठवू?"

आत्याबाई वाकून लेबल बघत होत्या. बाईने रिसीव्हरवर हात ठेवला.

"नंबर आहे ना? मग झालं की," आत्याबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "हो म्हणून टाका. साहेबांसमोर पोरीचं नाक कापू नका. घरी गेल्यावर काय ते सांगा. थोडं सांभाळून घ्यावं माणसानं."

"सांभाळून घेणारं कोणी हवं असतं, तर तिनं माझं मशीन निवडलंच नसतं."

तिने हात काढला. "नाही. पाठवू नका. लेबलवर नाव येत नाही, चौकोन येतायत. रक्त घेणारी सिस्टर लेबलवरचं नाव वाचून हाक मारते. नंबराला कोणी ओ देत नाही."

पलीकडून साहेबांचा आवाज आला. "एका खिडकीसाठी सगळं थांबवायचं?"

"एकाच खिडकीला पाठवलंय, म्हणून एकच आहे साहेब." लेकीचा आवाज चढला नव्हता. "चूक माझी आहे. जुन्या प्रोग्रॅमबरोबर लेबलवर मराठी अक्षरं छापायचा फॉन्टही निघून गेला. माझ्या मशीनवर तो आधीपासून वेगळा टाकलेला होता, त्यामुळे मला दिसलं नाही. जुना परत टाकते, मग फॉन्ट घालून नवा पाठवते."

"आधी बंद करून चालू तर करू दे त्यांना. त्या बाईंनी नीट बघितलं तरी आहे का?"

"बघितलंय साहेब. आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून बघतेय मी."

साहेबांचा खोकला अर्ध्यावर थांबला. "बरं," ते म्हणाले. "घ्या मागे."

बाण पुन्हा सरकू लागला. नवे चिन्ह गेले, जुने परत आले, मग ते जाऊन पुन्हा नवे आले. रांग कुरकुरायला लागली.

"कशावरून अडलंय?" आजोबांनी विचारले.

"तुमच्या नावावरून."

"इतकं काही अवघड नाही हो. शाळेत मास्तरांनाही जमायचं."

"थांबा जरा. माझी मुलगी नीट करतेय." हे तिने थोडे मोठ्याने म्हटले, रांगेच्या शेपटीपर्यंत जाईल इतके.

प्रिंटर घरघरला. नवे लेबल तिने वाचले आणि काचेपाशी धरले. आजोबांनी चष्मा सावरून, बोट फिरवत आपले नाव वाचले, आणि बाही वर सारत ते आत गेले.

फोन आला. "खिडकी एक?"

"आता पाठवा."

आत्याबाईंच्या पडद्यावरचे जुने चिन्ह गेले. मग त्यांच्या पलीकडच्या खिडकीवरचे, मग तिच्याही पलीकडचे. एकेक जण कीबोर्डवरून हात उचलून मागे टेकत होता.

चौकोनांचे लेबल बाईने टोपलीत टाकले नाही. आपल्या मॉनिटरच्या कोपऱ्यावर चिकटवले आणि अंगठ्याने दाबून सरळ केले.

आत्याबाई बघत राहिल्या. "पुढच्या वेळी काही नवीन आलं, की आधी माझ्या मशीनवर टाकायला सांगा तिला."

"रांगेत या," बाई म्हणाली.