प्रार्थनेच्या वेळी फणी

प्रार्थनेच्या वेळी खिशातून फणी काढणारा माणूस म्हातारीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आता दिसला, तर तो नेमका स्वतःचा नवरा.

“चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरून हौस फिटली नाही,” ती सुनेला म्हणाली. “आता देवासमोर आमची विंचरायची राहिलीत.”

“असू दे ना, आई. डाव्या हाताला तेवढाच व्यायाम.”

“व्यायामाला अख्खा दिवस मोकळा पडलाय. माझा अंबाडा रोज दोनदा कोण घालणार?”

म्हातारा न्हावी होता. चार महिन्यांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्याआधी संध्याकाळची प्रार्थना तोच करायचा. थोरला, सून, नात, शेवटी म्हातारी. एकेकाचं नाव घेऊन प्रभूकडे इतकं मागायचा की ताटातलं निवून जायचं. नातीनंतर मात्र घसा खाकरायचा आणि मग पुढे सरकायचा. तिथं पूर्वी धाकट्याचं नाव असायचं. धाकट्यानं बापाच्या दुकानासमोरच आपलं दुकान थाटलं, वर निम्मी गिऱ्हाइकं पळवली. त्या दिवशी म्हातारीनं सांगून टाकलं, “या घरात त्याचं नाव निघायचं नाही. देवासमोरसुद्धा नाही.” तिच्या शब्दाबाहेर घरात कोणी नव्हतं. देवाचं माहीत नाही.

आता प्रार्थना म्हातारीकडे आली होती. वाचता येत नव्हतं, पण स्तोत्रं तोंडपाठ. चर्चचे पाळकसुद्धा अडले की तिच्याकडे बघत. तिनं डोळे मिटून सुरुवात केली की म्हातारा उठायचा आणि एकेकाच्या डोक्यावरून फणी फिरवायचा.

आज तिनं ठरवलं होतं, फणी केसाला लागली रे लागली की हात धरायचा.

सगळे टेबलाभोवती बसले. म्हातारीच्या तोंडात स्तोत्र, कान म्हाताऱ्याच्या पावलांवर. थोरला झाला. सून झाली. नात खुदकन हसली, म्हणजे तीही झाली. म्हातारीनं मान ताठ केली. फणी काही येईना.

स्तोत्र चालू ठेवून तिनं एक डोळा उघडला.

म्हातारा भिंतीकडच्या खुर्चीमागे उभा होता. धाकट्याची खुर्ची. तीन वर्षं तिच्यावर दुकानातल्या धुतलेल्या टॉवेलांची चळत असायची. म्हाताऱ्यानं हात एरवीपेक्षा चांगला वीतभर उंच धरला होता. बसल्यावर एवढं वर जाणारं डोकं घरात एकच होतं. फणीच्या टोकानं त्यानं हवेत मधोमध पुढून मागे रेघ ओढली. दोन्ही बाजू सावकाश बसवल्या. कानामागे दोनदा फिरवली. तिथले केस लहानपणापासून उभे राहायचे.

स्तोत्र मध्येच थांबलं. सगळ्यांनी डोळे उघडले.

“आई, पुढचं विसरलीस?” थोरल्यानं विचारलं.

“मी विसरेन?” ती म्हणाली. पण पुढची ओळ आली नाही. तिनं घसा खाकरला, तरी आली नाही.

म्हातारा फणी धरून तसाच उभा, चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा.

म्हातारीनं हात मागे नेला, अंबाड्याची पिन काढली आणि केस आपणच मोकळे सोडले.

“अहो,” ती म्हणाली, “त्याचा भांग डावीकडे असतो. नीट पाडा, मग माझ्याकडे या.”