दोन घंट्या

"वहिनी, आता मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. देवाशपथ, माझासुद्धा बसत नाहीये," ड्रायव्हर दारातूनच म्हणाला.

दार कंडक्टरच्या बायकोनं उघडलं होतं. घर ड्रायव्हरचं, नवंकोरं, सकाळीच सामान चढलेलं. स्वयंपाकघर लावून द्यायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं, म्हणून ती एकटी मागे राहिली होती. ड्रायव्हरला बघून तिनं चौकट घट्ट धरली. चेहरा पांढराफटक पडला.

"भावजी... तुम्ही?"

"मीच. एकटाच." त्यानं मान खाली घातली. "तो नाही आला."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बूट पचपचत होते, विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. मग तिनं त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या जिन्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

"आत या. बसा आधी."

बसायचं कशावर? खुर्च्या अजून दोरीनं एकमेकींना बांधलेल्या होत्या. तो गादीच्या वळकटीवर टेकला. तिनं खोक्यातून पेला शोधून काढला, विसळला, पाणी दिलं. त्यानं ते घाईघाईनं तोंडाला लावलं आणि निम्मं सदऱ्यावर सांडलं.

हे दोघे सबंध नोकरीभर एकाच बसवर. एक पुढे, एक मागे. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या की ड्रायव्हरनं गाडी काढायची, एक दिली की थांबवायची. मागे काय चाललंय हे ड्रायव्हरनं कधी वळून बघितलं नाही. ते खातं कंडक्टरचं. डेपोत लोक म्हणायचे, यांचं इतकं पटतं, कारण कामावर असताना यांना एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरनं हौसेनं समुद्राजवळ घर घेतलं. कंडक्टर बायकोला घेऊन सामान लावायला आला. दोघांनी मिळून एक बरणी फोडली आणि एक खिळा वाकडा ठोकला, तेव्हा वहिनींनीच त्यांना पिटाळलं होतं, "पायात लुडबुडू नका. जा, समुद्र बघून या."

आता तो समुद्र खिडकीतून दिसत होता. ड्रायव्हर तिकडे पाठ करून बसला होता.

"वाळू संपली की काळे खडक लागतात," तो म्हणाला. "मी पुढे, तो मागे. म्हटलं, वळणापलीकडे काय आहे ते बघून येऊ. पाणी लांब होतं हो. पार लांब. आणि बघता बघता..."

"भरती आली."

"भरती कसली, अख्खा समुद्रच उठून आला! लाट म्हणजे डबलडेकरएवढी!"

वहिनींची नजर त्याच्या गुडघ्यांवर गेली. "मग?"

"त्याचा पाय फटीत अडकला. पाणी कमरेला, मग छातीला. मी त्याचा हात धरला."

"कुठला?"

"आं?"

"हात कुठला धरलात?"

"उजवा. नाही, डावा. अहो वहिनी, अशा वेळी कोण बघतं!"

वहिनींनी मान हलवली. धक्का बसला की माणूस असंच काहीबाही विचारतं, ड्रायव्हरला वाटलं. त्याची आई गेली तेव्हा थोरली बहीण दूध झाकलंय का, दूध झाकलंय का, एवढंच विचारत राहिली होती. आपण हे आणखी सौम्यपणे सांगायला हवं होतं. पण सौम्यपणे सांगायचं कसं, हे त्याला येताना वाटभर सुचलं नव्हतं.

तो धडपडत उठला. "मी चौकीत जातो. होड्या सोडायला लावतो. तुमचा फोन द्या, माझा पाण्यात गेला."

फोन ओट्यावर होता. वहिनींनी त्यावर तळवा ठेवला. "जाल. आधी पुरतं सांगा. हे काही बोलले का?"

"बोलला ना." ड्रायव्हरनं बाहीनं नाक पुसलं. "म्हणाला, तुझ्यासारखा दोस्त जन्मोजन्मी मिळायचा नाही. आणि तुमचं नाव घेतलं."

"आधी तुमचं कौतुक, मग माझं नाव?"

"तुमचं आधी," तो घाईनं म्हणाला. "तुमचंच आधी."

"हं. मग?"

"मग त्यानं हातातला गोटा खडकावर आपटला. टण टण. दोनदा. तुम्हाला ठाऊक आहे दोन घंट्या म्हणजे काय. निघ! मला वाचवायला बघत होता तो. पण आयुष्यात पहिल्यांदा मी दोन घंट्या ऐकून निघालो नाही, वहिनी. म्हटलं, जाऊ तर दोघं जाऊ. लाटेनंच सोडवला त्याचा हात. मी शेवटपर्यंत धरून होतो. शेवटपर्यंत!"

आणि तो वळकटीवर कोसळून लहान पोरासारखा रडू लागला. रडणं पार पोटातून येत होतं. वहिनींनी पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि कितीतरी वेळ कोंडून धरलेला श्वास सोडला.

"भावजी, तुम्ही यायच्या जरा आधी ह्यांचा फोन आला होता. वळणाच्या पलीकडून वर चढले म्हणे, आता चालत येतायत. कुणाचा तरी फोन मागून घेतला होता, आणि असेच ढसाढसा रडत होते. म्हणाले, तुम्ही बुडालात, पण त्यांनी शेवटपर्यंत तुमचा हात सोडला नाही."